मनवर बाईंची डोमकळी

मनवर बाईंच्या हातात कोणतीही वस्तू आली की आधी ती उलटी होई. झाडाचं पान तर होईच, पण डब्यातली पोळी, पोरानं आणलेला कागद, एवढंच काय, लग्नाची पत्रिका दिली तरी त्या आधी तिची पाठ पाहत. म्हणत, "समोरून तर सारंच बरं दिसते, सर. मागून पाहा लागते."

दिग्रसच्या कापड दुकानात बाई शिरल्या की मालक नोकराला सांगे, "चहा सांग, आता काही विकणं होत नाही." बाई साडी उलटी पसरून सांधा शोधत. छापील कापडात नक्षीचा एक चौकोन संपून दुसरा सुरू होतो ती जागा म्हणजे सांधा. प्रत्येक कापडात तो असतोच, चांगल्या कारागिराचा दिसत नाही इतकंच, हे मला त्यांनीच शिकवलं. सांधा सापडला की त्यावर नख ठेवून त्या विचारत, "इथं वेल तुटली, भाऊ. तुमाले दिसली नाही?" दुकानदार म्हणे, "नेसल्यावर ते निऱ्यात जाते, बाई." बाई म्हणत, "निऱ्यात गेली म्हणून तुटली नाही का?" आणि चहा पिऊन, काही न घेता परत येत.

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. मी मराठी शिकवत होतो, पुढे पर्यवेक्षक झालो, आता मुख्याध्यापक आहे. इतकं सगळं उलटून पाहणाऱ्या या बाईनं एकाच माणसाचं बोलणं न उलटता खरं मानलं, आणि तो माणूस मी होतो. मी त्यांना खोटं सांगितलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं लिहिता लिहिता मला ते झाकावंसं वाटेल. माझा स्वभाव मला माहीत आहे.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. आवाज असा की वरच्या मजल्यावर त्या एखाद्या पोरीला रागावल्या तर खाली माझ्या वर्गातली पोरं सरळ बसत. बोरी अरबहून त्या नोकरीसाठी दिग्रसला आल्या आणि खोली करून एकट्या राहिल्या. पर्स उघडली की आतून वाळलेली पानं, शेंगा, बाभळीचे काटे, एखादं पीस असं निघे. एकदा जिवंत नाकतोडा निघाला आणि इंग्रजीचे सर खुर्चीवर चढले. बाईंनी नाकतोडा तळहातावर घेतला, त्याच्या पायावरची रेघ आम्हा सगळ्यांना दाखवली, खिडकीतून सोडला आणि मग इंग्रजीच्या सरांना म्हणाल्या, "उतरा आता. गेला तो."

त्यांच्या साड्या त्या स्वतः छापत. साधं सुती कापड आणायचं, सुताराकडून सागवानाचे तुकडे मागून आणायचे, रविवारी घरी बसून त्यांचे ठसे कोरायचे आणि पोत्याच्या ओल्या तुकड्यावर रंग घेऊन ठसा मारत जायचं. एका स्वातंत्र्यदिनाला त्या पांढऱ्या बारीक फुलांची साडी नेसून आल्या. झेंडावंदन झाल्यावर पोरांच्या आया भोवती जमल्या. फार सुंदर, कोणतं फूल म्हणायचं हे, असं एकीनं विचारलं.

"गाजरगवत," बाई म्हणाल्या.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यातली एक, पोराला कडेवर घेतलेली, म्हणाली, "अवं बाई, आम्ही वावरात निंदून निंदून मरून राह्यलो, अन् तुम्ही ते अंगावर घेतलं?"

बाई इतक्या हसल्या की झेंड्याखाली उभे असलेले पाहुणे वळून पाहू लागले. पुढचा आठवडाभर त्या जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होत्या, आणि सांगताना त्या बाईची बाजू घेत होत्या. पण साडी नेसायची त्यांनी सोडली नाही. म्हणत, निंदायचं ते निंदा, पण निंदता निंदता एकदा त्याचं फूल पाहून घ्या.

वर्गात त्यांचा एकच कायदा होता. गुलाब, कमळ आणि मोर काढायचा नाही. चित्रकलेच्या इलेमेंटरी परीक्षेत संकल्पचित्राचा पेपर असतो. वर्तुळ नाहीतर चौकोन देतात आणि त्यात पानाफुलांची नक्षी भरायची असते. साऱ्या जगातली पोरं तिथे गुलाब भरतात. बाईंच्या पोरांनी धावडा, पळस, तरोटा, कापसाची पऱ्हाटी भरायची, आणि तीही रोज रस्त्यानं दिसते तशी, किड्यानं खाल्लेल्या पानासकट. एका झाडाची तीन पानं आणायला लावून त्या ती शेजारी शेजारी ठेवत. "एकसारखी आहेत का? नाही न? झाड एक पान दुसऱ्यांदा काढत नाही. मग तू काहून काढतं? नक्षी म्हणजे काही कवायत नाही."

प्रणाली नावाची एक पोरगी होती, फार हट्टी. तिनं पानभर गुलाब काढून आणला. बाईंनी कागद उलटा केला, सरळ केला आणि आपला ठरलेला प्रश्न विचारला.

"कुठं पाह्यला तू हा?"

"आमच्या चादरीवर," प्रणाली म्हणाली.

मी तेव्हा काही कामानं दारात उभा होतो. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पाह्यला तर आहे तिनं. मग चादरीवरचाच काढ. सुरकुत्या पडतात न चादरीले, त्या सुरकुत्यासकट काढ." प्रणालीनं तो काढला. मधोमध घडी पडलेला, एक पाकळी दुमडून गेलेला गुलाब. बाईंनी तो वर्गाच्या भिंतीवर लावला. तेवढा एकच गुलाब त्यांच्या वर्गात लागला असेल.

परीक्षेत मात्र आमच्या पोरांना वरची श्रेणी क्वचितच मिळे. पालक तक्रार घेऊन येत. दूर बसलेल्या परीक्षकाला काय कळणार, त्याला वाटतं पोराला पान धड काढता आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई त्यांना बसवून घेत, पाणी देत आणि भांडत. भांडण त्यांना मनापासून आवडत असे. भांडून झालं की चेहरा धुतल्यासारखा दिसे.

एकदा त्यांच्या गावी, बोरीच्या विहारात बुद्धपौर्णिमेच्या मंचासाठी त्यांनी पिंपळाच्या पानांची नक्षी केली होती. मी त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या कापडावर पानंच पानं, कुणाची शेपटी तुटलेली, कुणावर गाठी, कुणाला भोक. विहारातल्या एका वयस्कर बाबांना ते पटलं नाही. आजच्या दिवशी तरी पान अखंड असावं, ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "बाबा, तथागत झाडाखाली बसले होते. क्यालेंडरखाली नाही." बाबांचे खांदे हसण्यानं हलू लागले. पुढच्या वर्षी त्यांनीच कापड आणून दिलं म्हणे.

म्हणजे बाईंना कुणी समोरासमोर विरोध केला तर त्या हरत नसत, आणि हरल्या तरी ते त्यांना चालत असे. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी समोरून गेलो नाही.

शाळेच्या सभागृहाचं काम पूर्ण झालं तेव्हा रंगमंचाला पडदा हवा होता. विकतचा मखमली नको, मी छापून देते, असं बाई म्हणाल्या. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहाच्या फरशीवर मांजरपाट अंथरून त्यांनी काम मांडलं. मी कधी कापडाचं टोक धरायला, कधी नुसता बसायला जात असे. नक्षी पऱ्हाटीची होती. पान, पाती म्हणजे कळी, आज पिवळं आणि उद्या गुलाबी होणारं फूल, बोंड, फुटलेला कापूस. त्यांच्यामध्ये मधूनच एखाद्या बोंडाला भोक आणि भोकातून डोकावणारी अळी, आणि मधूनच डोमकळी.

कापूस न लावणाऱ्यांसाठी सांगतो. पऱ्हाटीच्या फुलात गुलाबी अळी शिरली की फूल उमलत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि ते फूल अगदी गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. त्याला डोमकळी म्हणतात. आमच्या वावरात ती दिसली की माझे वडील काही न बोलता खुडून पिशवीत टाकत. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाईंनी मला तो ठसा हातात देऊन दाखवला. किती बारीक कोरला होता.

"आत बसून अळी धाग्यानं पाकळ्या शिवते, सर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेही शिवणकामच झालं. आपल्याकडचा गुलाब म्हणजे हा. बाकीचे सारे चादरीवरचे."

अळीसाठी आणि डोमकळीसाठी त्यांनी वेगवेगळे बरेच ठसे कोरले होते आणि ते कुठे मारायचे याचा काही नियम ठेवला नव्हता. अळी काही रांगेत चालत नाही, असं त्यांचं उत्तर. पडदा टांगला तेव्हा लांबून नुसती लय दिसत होती, वाऱ्यानं सारं वावर एका बाजूला कलल्यासारखी. जवळ गेलं की अळ्या सापडत.

शाळा उघडली त्या दिवशी बाई उरलेले ठसे धुवायला मागच्या नळावर गेल्या होत्या. पोरं सभागृहात शिरली. आधी कुणाला काही कळलं नाही. मग प्रणालीनं एका बोंडावर बोट ठेवलं आणि ओरडली, "ह्याच्यात अळी आहे!" पुढचा अर्धा तास नुसता गोंधळ. इथं एक, तिथं एक, ही डोमकळी मी आधी पाहिली, सरक न बे. पोरं पडद्याला चिकटून बोटांनी शोधत होती. ज्यांच्या वावरात त्याच अळीनं वाट लावली होती तीही शोधत होती, आणि तीच सर्वांत जास्त शोधत होती, कारण कुठे पाहायचं हे त्यांना माहीत होतं. हे मी पाहिलं. बाईंनी नाही. मला अजून वाटतं की मी त्यांना तेव्हाच नळावरून बोलावून आणलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुपारी संस्थेचे सचिव आले. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना आहे. पडद्याजवळ उभे राहून त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आमच्या जिनिंगमध्ये हे बोंड आलं तर आम्ही आत घेत नाही. अन् तुम्ही स्टेजवर लावून राह्यले? उद्घाटनाले पाहुणे येतीन. अपशकुन आहे हा. काढा ते." बाईंना तुम्हीच सांगा, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही पर्यवेक्षक कायले आहा मग?"

मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती आणि पुढचा निर्णय सचिवांच्या शब्दावर होता. हेच कारण होतं असं मी म्हणत नाही. हे कारण नव्हतं असंही म्हणू शकत नाही. खरं म्हणजे मला भांडण सहन होत नाही, दुसऱ्यांचंही. सचिवांचं नाव सांगितलं असतं तर बाई पदर खोचून जिनिंगवर गेल्या असत्या. काय झालं असतं? कदाचित त्या जिंकल्याही असत्या. मला फक्त ते भांडण व्हायला नको होतं.

संध्याकाळी बाई चित्रकलेच्या वर्गात बोटांवरचा रंग रॉकेलच्या चिंधीनं पुसत होत्या. मी म्हणालो, बाई, पडदा फार छान झाला, पण पोरांना त्या अळ्या आवडल्या नाहीत.

त्यांचा हात थांबला. "पोट्टे म्हनले?"

"हो."

"कोणते?"

"बरेच. त्यांना किळस येते. घरीही तेच ऐकायचं आणि शाळेतही तेच, असं म्हणतात."

"मले नाही म्हनले कोणी."

"तुम्हाला कसं म्हणतील," मी म्हणालो. "तुम्हाला भितात ते."

हे शेवटचं वाक्य मी ठरवून गेलो नव्हतो. ते तिथेच सुचलं, आणि सुचल्याबरोबर मला कळलं की हेच लागू पडणार. बाई बाकावर बसल्या. एवढ्या मोठ्या बाई पोरांच्या बाकावर बसल्या की एरवी गंमत वाटे. बराच वेळ त्या चिंधीची घडी घालत, उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्यायले कधी विचारलंच नाही, सर. कुठं पाह्यलं, एवढंच विचारत आली. आवडते का, हे नाही विचारलं."

मी म्हणालो, होतं असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिडीवर चढलेल्या दिसल्या. प्रत्येक अळीवर आणि डोमकळीवर त्या उमललेल्या फुलाचा मोठा ठसा दाट रंगात मारत होत्या. शिडी मी धरली होती. त्यांनी मला धरायला सांगितली आणि मी धरली. पडदा पूर्ण झाल्यावर अळीचे आणि डोमकळीचे ठसे त्यांनी पटाशीनं तासून सपाट केले आणि ते लाकूड सुताराला परत देऊन आल्या.

उद्घाटनापर्यंत सभागृहाला कुलूप राहिलं, आणि पुढेही पोरांना पडदा लांबूनच दिसे. उद्घाटन झालं. पाहुण्यांनी पडद्याचं कौतुक केलं. पुढे मी मुख्याध्यापक झालो.

त्यानंतर जे झालं ते माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी सगळ्यांना ते चांगलंच वाटलं. बाईंनी वर्गात गुलाब सुरू केला. गुलाब, कमळ, मोर. त्यांचा हात मुळात असा की गुलाब असा गुलाब होई की पोरं फळ्याला नाक लावून पाहत. पोरांना वरच्या श्रेणी मिळू लागल्या. पालक पेढे घेऊन येत. बाई सगळ्यांना पेढे वाटत आणि कुणाशी भांडत नसत. पर्समध्ये कंगवा आणि रुमाल राहू लागला. साड्या त्या दुकानातून घेऊ लागल्या. एकदा मी मुद्दाम विचारलं, ही साडी मागून पाहिली का, बाई? त्या म्हणाल्या, "आता नाही पाहत, सर. डोळे दुखतात."

त्या वर्षांत मी किती वेळा त्यांच्या वर्गाच्या दारापर्यंत गेलो हे मला सांगता येणार नाही. दार उघडंच असे. आत फळ्यावर गुलाब असे आणि पोरं मन लावून तो उतरवत असत. सगळ्यांचं इतकं बरं चाललेलं असताना आता कशाला, असं म्हणून मी परत येई. बरं चाललं होतं हेही खोटं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं. बाई काळाबरोबर बदलल्या, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. त्यांच्या मागे तोच पडदा होता. बाई उत्तराला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मी माझ्या मनानं नाही बदलली. पोट्ट्यायनं सरायजवळ मन मोकळं केलं, अन् सरायनं मले सांगतलं. नाहीतर मले सांगायची कोणाची हिंमत होती?" सगळे हसले. त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. मीही जोडले.

यंदा पावसाळा सरता सरता प्रणाली शाळेत आली. नोकरीच्या कागदपत्रांसाठी तिला दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. प्रत तयार होईपर्यंत ती सभागृहात फिरून आली आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "सर, पडद्यातल्या अळ्या कुठं गेल्या? आम्ही शोधत होतो न? मी माझ्या रूममेटले सांगत असते, आमच्या शाळेत अळ्यायचा पडदा आहे म्हणून." मी म्हणालो, जुन्या झाल्या. ती म्हणाली, असं कसं. आणि दाखला घेऊन गेली.

त्याच रविवारी मी यवतमाळच्या बसनं बोरी अरबला उतरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुलावर होती. बाई आता भावाच्या घरी राहतात. ओट्यावर त्यांनी एक फळा ठोकून घेतला आहे आणि गावातल्या पोरींना त्याच इलेमेंटरीच्या परीक्षेसाठी शिकवतात. मी गेलो तेव्हा त्या एकट्याच होत्या आणि रंगीत खडूनं फळ्यावर गुलाब पूर्ण करत होत्या. मोठा, भरलेला, खाली दोन पानं. केस सगळे पांढरे झालेले. मला पाहून त्या खरंच आनंदल्या, स्वतः खुर्ची आणली, भावजयीला चहा सांगितला, शाळेतल्या एकेकाची विचारपूस केली. इंग्रजीच्या सरांची आधी.

चहा येण्याआधी मी सांगून टाकलं. सचिव, जिनिंग, पाहुणे, सगळं. पोरांनी काहीही म्हटलं नव्हतं, हे सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडे नाही, फळ्याकडे पाहत होतो.

"काहीच नव्हते म्हनले?" त्यांनी विचारलं.

"शोधत होते, बाई. बोटं लावून. तुम्ही नळावर होत्या."

"हसत होते?"

"हो."

मी वाट पाहत होतो की त्या ओरडतील. आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाईल, शेजारी बाहेर येतील. मला ते हवं होतं, हेही कबूल करतो. त्या ओरडल्या नाहीत. हातातला खडू पाहत म्हणाल्या, "भांडणाऱ्याचं बोलणं मी तपासून पाह्यते, सर. तुम्ही कधी कोणाशी भांडत नाही. म्हणून तुमचं खरं मानलं."

भावजय चहा ठेवून गेली. कुणी घेतला नाही.

"मग एवढे गुलाब मी कायले काढले?" बाई म्हणाल्या. हे त्या मला विचारत नव्हत्या.

त्या उठल्या आणि ओल्या फडक्यानं गुलाब पुसू लागल्या. बाहेरच्या पाकळ्या गेल्या, मग त्यांच्या आतल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. चार-पाच पोरी चित्रकलेच्या वह्या छातीशी धरून ओट्यावर चढल्या आणि आपापल्या जागी बसल्या. बाईंचा हात थांबला. फळ्यावर मधली घट्ट मिटलेली कळी तेवढी उरली होती. पुढे बसलेली एक बारीकशी पोरगी मान वाकडी करून पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, हे तं डोमकळी आहे."

बाई वळल्या. "कुठं पाह्यली तू?"

कितीतरी वर्षांनी तो प्रश्न मी ऐकत होतो.

"आमच्या वावरात. बाबा खुडून टाकतात."

बाई तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या फडकं टाकतील आणि त्या पोरीला जवळ बोलावतील. मागच्या एका पोरीनं विचारलं, बाई, पण गुलाब पुसला काहून, पेपर तर परवा आहे. बाकीच्यांनी वह्या उघडल्या. सगळ्यांच्या वह्यांत गुलाब होते, महिनाभर गिरवलेले.

"आहे," बाई म्हणाल्या. "पेपर परवाच आहे." आणि त्यांनी लाल खडू उचलला.

मी उठलो. येतो बाई, म्हणालो. त्यांनी पाठमोरं राहूनच मान हलवली. फाटकाबाहेर येऊन मी एकदा मागे पाहिलं. डोमकळीभोवती त्या एकेक पाकळी परत काढत होत्या, आणि तो पांढऱ्या केसांचा उंच देह पाकळीच्या वळणाबरोबर किंचित झुकत होता. ती पुढची पोरगीही आता मान खाली घालून काढत होती. पाहता पाहता गुलाब पुरा झाला. कुठे पुसलं होतं आणि कुठून नवं काढलं, तो सांधा मी रस्त्यावरून शोधत होतो. तो दिसत नव्हता.